टाकीत काठी घालून बघा

वाचकांचे प्रश्न, एसटीवाल्या काकांची उत्तरं

प्रश्न : काका, मी तापीकाठच्या एका गावचा पोलीस पाटील, अमळनेर तालुका. वस्ती हजाराच्या वर. नदीकडच्या आळीत ६४ घरं, ३१० माणसं. पाणी चढलं की आधी तीच बुडतात. वर फाट्यावर, चार किलोमीटरवर, शाळा आहे, तिथे सगळ्यांना न्यायचं ठरलंय. गावात ११ ट्रॅक्टर, ७ ट्रॉल्या, २ पिकअप. तहसीलमध्ये द्यायला आराखडा लिहितोय. डिझेल किती साठवावं? २०० लिटरचा एक ड्रम पुरेल का? लोक म्हणतात चार तरी हवेत.

उत्तर : पाटील, ड्रमचा हिशेब देतो, पण त्याआधी एक काम करा. उद्या सकाळी तुराटीची एक सरळ काठी घ्या आणि अकराही ट्रॅक्टरच्या टाकीत घालून बघा. काठी किती ओली झाली ते कोणाला सांगू नका, वहीत लिहा.

मी हे एकदा केलंय. निवृत्तीनंतर माझ्याच गावात, ग्रामसभा संपल्यावर, चावडीसमोर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरांवर. नऊ ट्रॅक्टर होते. तिघांत वीतभर तेल निघालं, चौघांत चार बोटं, आणि दोघांची काठी जवळपास कोरडीच बाहेर आली. मालक लाजले, पण त्यांचा दोष नाही. शेतकरी डिझेल लागेल तसं आणतो. हातात पैसा असतो तेव्हा फवारणीचं औषध आणि युरिया आधी येतो. शिवाय भरलेल्या टाकीतून रात्री कोणी तेल काढून नेईल ही धास्ती असतेच. म्हणून आपल्याकडे पावसाळ्यात ट्रॅक्टर दारात उभा असतो आणि म्हातारी माणसं म्हणतात तसं, ‘गाडी शे, पन तेल नही.’

आता तुमचं गणित. अकरा ट्रॅक्टर आहेत, पण माणसं ट्रॉलीत बसणार, म्हणजे सात धरा. त्यातल्या दोन ट्रॉल्या हमखास कामाच्या नसतात. एकीचं फाळकं तुटलेलं, दुसरीत खताच्या गोण्या. पाच उरल्या. एका ट्रॉलीत वीस माणसं बसवा, तीस नाही. पावसात, अंधारात, कडेवर पोर घेऊन बाई उभी राहिली की ट्रॉली खड्ड्यात उसळल्यावर काय होतं ते मी पाहिलंय. चढवायला पंधरा मिनिटं, चार किलोमीटर जायला पंचवीस, उतरवायला दहा, रिकामी परत यायला वीस. एक फेरी सत्तर मिनिटांची. पाच ट्रॉल्या, वीस माणसं, तीन फेऱ्या, झाले ३००. उरलेले दहा जण, आजारी आणि बाळंतिणी, पिकअपमध्ये. दिवसा साडेतीन तास, रात्री साडेचार धरून चाला.

ट्रॉली ओढत, गाळातून, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चाळीस-पन्नास हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर तासाला पाचेक लिटर पितो. साडेचार तासांचे बावीस-तेवीस, म्हणजे २५ धरा. पाच ट्रॅक्टरचे १२५. दोन पिकअपचे मिळून २५. झाले १५०. तुमचा एक ड्रम पुरून उरतो. तिसरा-चौथा ड्रम मागणाऱ्यांना हे गणित दाखवा. नाही पटलं तर माझं नाव सांगा, शिव्या मला पडू देत.

पण पाटील, हे गणित टाक्या कोरड्या आहेत असं धरून केलंय. आर्द्रापासून हस्त सरेपर्यंत पाचही ट्रॅक्टर अर्ध्या टाकीच्या खाली जाऊ द्यायचे नाहीत एवढं जरी मालकांनी पाळलं, तर रात्री दोन वाजता ड्रमला हात लावायची वेळच येणार नाही. हे कागदावर लिहून होत नाही. दर सोमवारी कोणीतरी काठी घालायला जावं लागतं. तुमचा कोतवाल किंवा एखादा खमक्या पोरगा नेमा.

आता मी स्वतः केलेली चूक सांगतो, म्हणजे मी एवढा काठीच्या मागे का लागलोय ते कळेल.

मी तेव्हा एका डेपोत वाहतूक नियंत्रक होतो. श्रावण होता, रात्रपाळी. नदीकाठच्या एका गावासाठी तहसीलमधून दोन गाड्या मागितल्या. उशिराची फेरी करून आलेली एक गाडी समोरच उभी होती, ती सोडली, दुसरी रांगेतली. डेपोत आमचा स्वतःचा पंप, पण समोरच्या गाडीने तेल घेतलंय की नाही हे मी विचारलं नाही. ड्रायव्हरला वाटलं मी विचारलं असेल, मला वाटलं त्याने भरलं असेल. एसटीत आम्ही दहा लिटरला किती किलोमीटर असा हिशेब ठेवतो. हायवेला पंचेचाळीस-पन्नास येतात. त्या हिशेबाने गाडी जाऊन येऊन तेल उरायला हवं होतं. पण त्या रात्री गाडी धावली कमी आणि उभी राहिली जास्त. सेल्फ कमजोर होता, बंद केली तर परत चालू होईल का म्हणून ड्रायव्हरने दोन तास इंजिन चालू ठेवलं. लोक बोचकी बांधत होते, कोणी परत घरात जात होतं, एका म्हातारीने तर ओट्यावरून सांगितलं, ‘म्हैस सोडीसन मी येत नही.’

परतीच्या वाटेवर हायवे अर्धा किलोमीटर राहिला आणि गाडी दचके देत थांबली. डिझेलची गाडी तेल संपून बंद पडली की नुसतं तेल ओतून भागत नाही, पाइपात हवा शिरते. ती काढावी लागते: नट सैल करायचा, हातपंप मारत राहायचं, फेस थांबून सलग तेल आलं की नट आवळायचा. दिवसा वर्कशॉपमध्ये दहा मिनिटांचं काम. त्या रात्री एका शेतकऱ्याने औषधाच्या डब्यात डिझेल आणून दिलं, डबा नीट धुतलेला नव्हता, पान्याला बॅटरी धरायला कंडक्टर, आणि आत पन्नासेक माणसं अंधारात गप्प. पाऊण तास गेला. कोणाला काही झालं नाही. पण तो पाऊण तास माझ्या नावावर आहे.

दुसऱ्या गाडीचं वेगळंच. ती गावात शिरली आणि तिला वळायलाच जागा नव्हती. मारुतीच्या पारापासून हायवेच्या बाजूला रिव्हर्स, दोन्हीकडे गटार. तुमच्या आराखड्यात ‘एसटी बस’ असा शब्द असेल तर तिच्यापुढे ती कुठे वळणार ते लिहा. जागा नसेल तर बस फाट्यावरच थांबेल, आतली ने-आण ट्रॅक्टरची, असं सरळ लिहा. तहसीलदारालाही तेच सोयीचं पडतं.

म्हशीवरून आठवलं. जनावरं हा तुमच्या आराखड्यातला सगळ्यात मोठा अडथळा आहे, आणि त्याला लिटरभरही डिझेल लागत नाही. जनावर चालत जातं. माणसं हलवायच्या चार-सहा तास आधी, उजेड असताना, दोन-तीन गुराखी पोरांबरोबर सगळी जनावरं वर काढा. फाट्याजवळ कोणाचं तरी मोकळं शेत बोलून ठेवा, कडबा तिथे आधीच टाका. म्हैस वर गेली की म्हातारी आपोआप तिच्या मागे जाते. माणसाला आधी न्यायचं आणि मग जनावर, हा क्रम कागदावर बरोबर दिसतो. खानदेशात तो उलटा चालतो.

हे आधी केव्हा म्हणजे केव्हा? तुमच्या डोक्यावर ऊन असतानाही तापी चढते हे तुम्हाला मी सांगायला नको. पाऊस पडतो बैतूलला, बऱ्हाणपूरला; पूर्णेकडून अकोला-अमरावतीचं पाणी येतं, चांगदेवला दोन्ही मिळतात आणि ते सगळं हतनूर धरणावर येऊन थडकतं. हतनूरला ४१ दरवाजे आहेत. किती उघडले, किती क्युसेक सोडले, हा निरोप आला की तुमचं घड्याळ सुरू झालं असं समजा. पाणी आळीत शिरल्यावर नव्हे. दरवाजे वाढवले : जनावरं वर, टाक्या तपासा. आणखी वाढवले : आजारी, बाळंतिणी, म्हातारी माणसं पिकअपमध्ये. ओढ्याच्या तोंडाशी फुगवटा दिसला : पहिली ट्रॉली सुटली पाहिजे. नदी भरली की ओढ्याचं पाणी आत शिरत नाही, मागे सरतं आणि गाव मागच्या बाजूने बुडतं. बाहेर जायच्या रस्त्यावरची फरशी, म्हणजे ओढ्यावरचा ठेंगणा पूल, आधी जाते, घरं नंतर. तुमच्याकडे अशी फरशी असणारच.

त्या फरशीबद्दल एकच नियम : खालचा रस्ता दिसत नसेल तर जायचं नाही. फूटभर वाहतं पाणी छोट्या कारला उचलतं, दोन फूट पाण्यात मोठी गाडीही टिकत नाही. ट्रॅक्टरवाले म्हणतात, आपलं चाक मोठं. मोठं चाक म्हणजे हवा भरलेला फुगा, आणि रिकामी ट्रॉली म्हणजे होडी. एकदा तरंगली की ट्रॅक्टरलाही ओढून नेते. ज्याला फुशारकी मारायची सवय आहे त्याला त्या रात्री स्टिअरिंगवर बसवू नका, मग ट्रॅक्टर त्याच्या बापाचा का असेना. प्रत्येक गाडीपुढे दोन ड्रायव्हरांची नावं लिहा, दुसरा दुसऱ्या घरातला.

आता तुमचा ड्रम. गावात ठेवू नका, वर फाट्याच्या बाजूला ठेवा. प्रत्येक ट्रॅक्टर तिथे जातोच, रिकामा होतो, तेव्हाच तेल घेतो. शाळेत मात्र नको, मुलं असतात, चुली पेटतात. थोडं लांब, पत्र्याखाली. आणि ड्रम उभा ठेवायचा नाही. हे कोणी सांगत नाही म्हणून लिहितो. उभ्या ड्रमच्या वरच्या झाकणावर पाणी साचतं. दिवसा ड्रम तापतो, रात्री गार पडतो, गार पडताना आत ओढ घेतो, आणि बूच कितीही आवळलेलं असलं तरी त्या ओढीने थेंब थेंब पाणी आत जातं. दोन महिन्यांनी तळाशी तांब्याभर पाणी. नव्या ट्रॅक्टरांचे इंजेक्टर एवढं पाणी सहन करत नाहीत. ड्रम दोन लाकडांवर आडवा ठेवा, दोन्ही बुचं डावी-उजवीकडे, एका पातळीवर. घेताना हाताने फिरवायचा पंप लावा, तोंडाने नळी ओढायची नाही. नरसाळ्यावर जाळी. दिवाळीला तो ड्रम शेतीला वापरून टाका, पुढच्या पावसाळ्याला नवं भरा.

कायद्याची भीती कोणी घालेल. डिझेल विक्रीसाठी नसेल तर २५०० लिटरपर्यंत परवाना लागत नाही. पेट्रोलियमच्या १९३४ च्या कायद्यात ते आहे. पेट्रोलचं वेगळं, ते खाली येतं.

पैसे कोण देणार हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण ग्रामसभेत पहिला तोच येईल. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात ६५ व्या कलमाने प्रशासनाला वाहनं ताब्यात घेता येतात आणि ६६ व्या कलमाने त्याचा मोबदला द्यावा लागतो. म्हणून आदेश लेखी मागा, निदान फोनची वेळ आणि बोलणाऱ्याचं पद वहीत लिहा. प्रत्येक फेरीची नोंद, किलोमीटर, लिटर, ड्रायव्हरची सही. आम्ही एसटीत आयुष्यभर लॉगशीट भरल्या, तेव्हा कंटाळा यायचा. नंतर वाद झाला की तोच कागद बोलतो. मोबदला यायला वेळ लागतो, हेही मालकांना आधीच सांगून टाका. खोटी आशा दाखवून ट्रॅक्टर मागू नका.

पंपाशी बोलून ठेवा : वीज गेल्यावर त्यांचा जनरेटर चालतो का? चालत नसेल तर टाकी भरलेली असूनही तुम्हाला थेंब मिळणार नाही. आणि नोटा जवळ ठेवा. टॉवर पडला की फोनवरून पैसे जात नाहीत. जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांच्या संपात मनमाडजवळच्या पानेवाडीच्या तेल डेपोतून टँकर निघेनात, तेव्हा दोन दिवसांत आपल्याकडे पंपांवर रांगा लागल्या होत्या. पाऊस नाही, पूर नाही, तरी ही गत.

शेवटचं. तुमची ३१० माणसं मतदार यादीवरून मोजलीत की घरोघर जाऊन? कानबाईच्या, म्हणजे आपल्या खानदेशातल्या देवीच्या सणाच्या, रविवारी मोजा. नागपंचमीनंतरचा तो रविवार, सुरतहून, पुण्याहून सगळी पोरं-सुना रोटांना, म्हणजे देवीच्या नैवेद्याला, घरी आलेल्या असतात. ६४ घरांत त्या रात्री पाचशे माणसं निघाली तर मला नवल वाटणार नाही, आणि गल्लीत दहा-पंधरा कार आडव्या-उभ्या लावलेल्या. त्या कार तुमच्या ट्रॅक्टरची वाट अडवतील. म्हणून त्या दिवसांत पहिला हुकूम पाहुण्यांच्या गाड्यांना : प्रत्येक कारमध्ये घरचे दोन म्हातारे घालून आधी वर काढा. गल्लीही मोकळी होते, तुमची एक फेरीही वाचते.

१०७७ हा जिल्हा नियंत्रण कक्ष, १०८ रुग्णवाहिका, ११२ पोलीस. हे भिंतीवर रंगवून घ्या. धुळ्यात राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी आहे, बोटी घेऊन येते, पण धुळ्याहून यायला वेळ लागणार. पहिले काही तास तुमचेच.

प्रश्न : काका, आम्ही चाळीसगावच्या. २०२१ च्या पुरानंतर पावसाळा आला की धडकी भरते. घरी दोन स्कूटी आणि एक जुनी कार आहे. प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये दहा-पंधरा लिटर पेट्रोल भरून ठेवलं तर चालेल का?

उत्तर : ताई, ३१ ऑगस्ट २०२१ ची ती पहाट मीही विसरलेलो नाही. तितूर आणि डोंगरी या नद्या एकाच वेळी शहरात शिरल्या आणि तिकडे कन्नड घाटात दरडी कोसळून गाड्या अडकल्या. धडकी भरणं बरोबर आहे, पण कॅन नको.

घरी पेट्रोल ३० लिटरपर्यंत ठेवायला कायद्याने परवाना लागत नाही, तेही घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात. पण कायदा परवानगी देतो म्हणून स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे ते ठेवावं असं नाही. पेट्रोलची वाफ जड असते, जमिनीलगत पसरते, आणि देवघरातल्या निरांजनापर्यंत पोचायला तिला वेळ लागत नाही. पूर आला तर तो डबा तरंगत घरभर फिरेल, ते वेगळंच. शिवाय आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते ओल ओढून घेतं. महिनोन्महिने ठेवून गाडीत ओतलं तर गाडीच बसेल.

पेट्रोल ठेवायची सगळ्यात चांगली जागा म्हणजे कारची टाकी. पावसाळ्याचे चार महिने ती अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका, बस. दोन स्कूटींपैकी एक कायम भरलेली. आणि कार नदीच्या बाजूला लावत असाल तर इशारा आला की संध्याकाळीच वरच्या भागात, ओळखीच्यांच्या दारात नेऊन ठेवा. पहाटे पाण्यात उभी असलेली कार चालू करायचा प्रयत्न अजिबात करू नका. हवेच्या वाटेने इंजिनात पाणी गेलेलं असेल तर किल्ली फिरवल्याबरोबर आतला दांडा वाकतो, आणि जो खर्च साफसफाईवर भागला असता तो इंजिन उतरवण्यावर जातो.

संभाजीनगरकडे माहेर असेल आणि तिकडे निघायचा विचार असेल तर घाटावर भरवसा ठेवू नका. न्यायडोंगरी-नांदगावकडून वळून जायचं ठरवूनच निघा, आणि तेल त्या लांबच्या वाटेचं मोजा, घाटाच्या वाटेचं नाही.

प्रश्न : माझी ई-रिक्षा आहे, धुळ्यात पांझरा नदीच्या पलीकडे राहतो. पुरात लोकांना हलवायच्या गाड्यांची आमच्या गल्लीची यादी आहे, तिच्यात माझं नाव घालू की नको?

उत्तर : घाला, पण पहिल्या फेरीत. कोरड्या रस्त्यावर, संध्याकाळी, चार म्हातारी माणसं शांतपणे नेऊन सोडायला तिच्यासारखी गाडी नाही. पाणी रस्त्यावर आलं की ती घरी. आणि इशारा आल्याबरोबर चार्जिंगला लावा, कारण तुमच्या गल्लीतली वीज सगळ्यात आधी बंद करतात, करायलाच हवी. शेजारचा सीएनजी रिक्षावाला असेल तर त्याला सांगा, पेट्रोलच्या टाकीत थोडं पेट्रोल ठेव. गॅसच्या रांगेत त्या रात्री कोणी उभं राहू शकणार नाही.